दुसरी खेप

"आज स्वारी निवांत आहे," सून म्हणाली. "सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून ती मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. पोटामुळे वाकता येत नव्हतं, म्हणून मुलीनं पाय सरळ तिच्या मांडीवर ठेवला होता आणि दुसऱ्या पायावर ती डुलत उभी होती. ओट्यापाशी काकी आपला डबा भरत होत्या. झाकण लावता लावता त्यांचा हात थांबला.

"काल?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"काल संध्याकाळी हललं होतं की. म्हणजे, असावं. खरं सांगू का आई, या खेपेला लक्ष द्यायला सवड कुठे आहे? ही बया एक मिनिट टेकू देते का?"

बया म्हणजे भिंगरी. चार वर्षांची. जागेवर उभी राहिली तरी स्वतःभोवती फिरायची, म्हणून बापानं ठेवलेलं हे नाव. सुटल्या सुटल्या ती बूट आपटत दाराकडे पळाली. काकींनी झाकण दाबून बसवलं, "पाणी पीत जा जरा जास्त," एवढंच म्हणाल्या आणि सव्वाआठची बस गाठायला बाहेर पडल्या. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय काय मागे गेलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

काकींना सगळेच काकी म्हणत. कारखान्यात, गल्लीत, बसमध्येसुद्धा. घरात तेवढ्या त्या आई आणि आजी होत्या. अठ्ठावन्न वर्षांचं वय, शिडशिडीत अंग, बोलणं मोजकं. नवरा मालगाडीवर ड्रायव्हर होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. आणि काकी स्वतः सव्वीस वर्षं एकाच ठिकाणी कवळ्यांना पॉलिश करत आल्या होत्या.

सुनेच्या पहिल्या वेळी याच काकींनी तिला अक्षरशः हातावर झेललं होतं. पायाखाली उशी, पाठीमागे उशी, सूप गार व्हायच्या आत हातात. मुलानं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, ते तो दर रविवारी मोठ्यानं वाचायचा. या आठवड्यात बाळ लिंबाएवढं, पुढच्या आठवड्यात संत्र्याएवढं. सुनेनं एक वही घातली होती, बाळ हललं की त्यात वेळ लिहायची. जरा काही वेगळं वाटलं की सगळं घर उठून दवाखान्यात. असे ते चार वेळा पळाले. चौथ्या वेळी पोटात एकसारखं टक टक होतंय म्हणून गेले, तर तिथल्या सिस्टर हसून हसून बेजार झाल्या. "अहो, उचकी लागलीय बाळाला! एवढ्यासाठी आलात?" मुलगा लाजेनं लाल झाला. पुढे कितीतरी दिवस घरात कुणालाही उचकी लागली की, "चला, गाडी काढा," असा विनोद चालायचा.

दुसऱ्या वेळचं सगळंच निराळं. पोट तिसऱ्या महिन्यातच दिसायला लागलं, जणू त्याला वाट पाठ होती. पुस्तक एका पायानं आखूड असलेल्या कपाटाखाली गेलं. वही निघालीच नाही. कितवा महिना असं कुणी विचारलं, तर मुलगा बोटं मोजायचा आणि एकानं चुकायचा. सून सातव्या महिन्यापर्यंत भिंगरीला कडेवर घेऊन फिरत होती, कारण भिंगरीला नेमकं आत्ताच चालायचं विसरायला झालं होतं. आता नववा लागला होता. भेटेल तो म्हणायचा, "तुला काय, अनुभव आहे." अनुभव आहे म्हटलं की विचारपूस संपली.

पण सुनेला लागलं होतं ते काकींचं वागणं. काकी कामाला कमी पडत नव्हत्या. बादली तिच्या हातातून काढून घ्यायच्या, भिंगरीला न्हाऊ-माखू घालायच्या, सकाळचा स्वयंपाक उरकून मगच बाहेर पडायच्या. फक्त त्या पोटाकडे बघत नव्हत्या. सुनेनं भिंगरीची जुनी झबली धुवायला काढली, तर "असू दे, नंतर बघू," म्हणून खोलीतून निघून गेल्या. एकदा सुनेनं कौतुकानं त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला, "बघा आई, कशा लाथा झाडतंय," तर त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"पहिल्या वेळी डोक्यावर घेऊन नाचत होत्या," सून तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती ते काकींनी दाराआडून ऐकलं होतं. "आता ढुंकून बघत नाहीत. दुसरं त्यांना नकोच असणार. स्पष्ट बोलत नाहीत एवढंच."

काकी ऐकून तशाच परत फिरल्या होत्या. जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय, आणि कुठून सुरू करायचं?

काकींची पहिली खेप म्हणजे हा मुलगा. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या. पोटात खुट्ट झालं की दवाखान्यात धावायच्या. पाच वेळा गेल्या आणि पाचही वेळा 'काही नाही, जा घरी' ऐकून परत आल्या. सासू चारचौघांत सांगायची, "आमच्या सूनबाईंनी दवाखान्याचा उंबरा झिजवला." सगळे हसायचे, काकीही हसायच्या, पण ते हसणं कुठेतरी आत रुतून बसलं. दुसऱ्या वेळी त्यांनी ठरवूनच टाकलं की आता आपण पहिलटकरीण नाही, शहाण्यासारखं वागायचं. साडेआठ महिने झाले असताना एका मंगळवारी पोटातली हालचाल मंदावली. त्यांनी सासूला सांगितलं, जावेला सांगितलं. "दुसरं शांतच असतं गं," जाऊ म्हणाली. "पहिल्यानं जागा करून ठेवलेली असते, हे आपलं पाय पसरून झोपतं." काकी गप्प बसल्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी त्या आपल्या आपणच दवाखान्यात गेल्या, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलगा त्या वेळी अडीच वर्षांचा, त्याला कशाचाच पत्ता नाही. नवरा गाडीवर लांब गेलेला. तो आठ दिवसांनी आला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि पुढे जन्मात त्यानं तो विषय काढला नाही. त्यानंतर काकींना मूल झालं नाही. सासू गेली, जाऊ गेली, नवरा गेला. त्या बाळाची आठवण असलेलं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते रोज सव्वाआठच्या बसनं कामाला जात होतं.

गर्भार बाईसमोर असलं काही बोलू नये, हे एक झालं. दुसरं असं, की काकींना वाटायचं, आपण तोंडातून काढलं की ते ऐकलं जाईल, आणि पुन्हा तसंच घडेल. कोण ऐकेल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी तोंडच बंद ठेवलं होतं, आणि डोळेही.

कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक आणि गिऱ्हाइकं, मागच्या खोलीत काम. साचेवाला प्लास्टरचे साचे ओतायचा, एक बाई मेणावर दात बसवायच्या, मालक त्यातून गुलाबी हिरड्यांची पक्की कवळी काढायचे, आणि शेवटी ती काकींच्या चाकावर यायची. ओली पूड लावलेल्या त्या फिरत्या चाकावर कवळी घासून अशी करायची, की तोंडात काही आहे हे तोंडाला कळू नये. डोळ्यांवर काकींचा भरवसा नव्हता, अंगठ्यावर होता. अंगठा फिरवला की केसाएवढी खरबरसुद्धा त्यांना सापडायची. "अर्धं शहर आपल्याच दातांनी आपल्याला हसतं," असं मालक म्हणायचे.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला एक निवृत्त मास्तर आले. तिसऱ्यांदा. कवळी रुमालात गुंडाळून आणलेली.

"डावीकदे तोचतंय," ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

"मास्तरांना जन्मभर चुका काढायची सवय," साचेवाला मागच्या खोलीत पुटपुटला. "परवाच तर घासून दिली."

काकींनी अंगठा फिरवला. काही लागलं नाही. उजेडात धरून बघितलं. काही दिसलं नाही. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खांदे उडवले.

"तुम्हाला माहितीये ना काकी. वाद घालायचा नाही. ज्याच्या तोंडात आहे त्यालाच कळणार. घ्या थोडी कमी करून."

हे वाक्य काकींनी सव्वीस वर्षांत हजारदा ऐकलं असेल. त्यांनी कवळी चाकाला लावली. चाकावर माणसानं दुसरं काही मनात आणायचं नसतं. पकड सुतभर सुटली की चाक वस्तू हिसकावून घेतं. नव्या माणसाच्या हातून हे आठवड्याला एकदा होतं, काकींच्या हातून एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. कवळी हातातून निसटली, समोरच्या भिंतीवर आपटली आणि पुढचे दोन दात कुठच्या कुठे उडाले.

खोलीत सगळे थांबले. चाक तेवढं फिरत राहिलं.

"अशू द्या, काकी, अशू द्या," मास्तर दारातून म्हणाले. "होतं अशं."

मालकांनी चाक बंद केलं. "घरी काही झालंय का?"

"नाही."

"मग लक्ष कुठे आहे?"

काकींनी भिंतीखाली पडलेली कवळी उचलून ठेवली. मग एप्रन सोडला, जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"मी जरा आडवी झाले होते," सून म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, थोडा जास्तच नेहमीसारखा. "नाही, अजून नाही. गार पाणी प्यायले. साखर घालून दूध घेतलं. डाव्या कुशीवर पडून बघितलं, उजव्या कुशीवर पडून बघितलं. झोपलं असेल हो."

एवढं सगळं तिनं एकटीनं केलं होतं, म्हणजे तिलाही टोचत होतं. काकींनी फोन ठेवला आणि मुलाला लावला.

"आई, मी लिफ्टच्या टपावर उभा आहे."

"मग खाली उतर."

"काय झालंय?"

"घरी ये. मीही निघालेय."

बाराच्या आत दोघंही घरी पोचले. मुलगा कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला, घाबरलेला. बायको दारात उभी दिसली, हिंडती फिरती, हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडलेल्या माणसाला लगेच राग येतो तसा त्याला रागही आला.

"अगं आई, मला वाटलं काय झालं! दोन माणसं अडकवून आलोय मी तिकडे."

"लिफ्टमध्ये?" सुनेनं विचारलं.

"लिफ्टमध्ये नाही, कामात!"

"तिला दवाखान्यात घेऊन जायचंय," काकी म्हणाल्या. "सकाळपासून बाळ हललं नाहीये."

मुलगा हसला. "आई, मागच्या वेळी चारदा पळालो आपण. उचकीसाठी पळालो! त्या सिस्टर अजून मला रस्त्यात ओळखतात. येत्या मंगळवारी दाखवायचंच आहे की."

"मंगळवारला पाच दिवस आहेत."

"मला पण वाटतं, नको," सून म्हणाली. कुणीतरी हसल्यामुळे तिला बरं वाटलं होतं. "परत हसं व्हायला नको. आणि शेजारच्या ताई म्हणाल्या ना सकाळी, दुसरं शांतच असतं. पहिल्यानं जागा करून ठेवलेली असते."

काकी खुर्चीवर बसल्या. भिंत बदलली, घर बदललं, ते बोलणारी माणसं कधीच गेली. वाक्य मात्र जसंच्या तसं, एका शब्दाचा फरक न पडता, त्यांच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं.

"भिंगरी, ताईंकडे जा खेळायला," त्या म्हणाल्या.

"मला नाही जायचं."

"जा म्हटलं ना."

आजीचा असला आवाज भिंगरीनं कधी ऐकला नव्हता. ती गेली. काकींनी मुलाकडे बघितलं.

"मी सांगते ते ऐक. मधे बोलू नकोस. मधे बोललास तर माझ्याच्यानं पुढे सांगवणार नाही."

मुलगा ओल्या फडक्यानं हात पुसत होता. तो थांबला.

"तुझ्यानंतर मला एक झालं होतं. तू अडीच वर्षांचा होतास. दिवस जवळजवळ भरले होते. असंच शांत झालं. घरातल्यांनी हेच सांगितलं, जे आत्ता हिनं सांगितलं. मला पटलं असं नाही. पण तुझ्या वेळी मी फार धावाधाव केली होती, लोक हसले होते, म्हणून या खेपेला मी शहाणपणा केला. दोन दिवस केला." त्यांनी मांडीवरचे हात उलटे करून बघितले. "तिसऱ्या दिवशी गेले. उपयोग नव्हता."

शेजारच्या घरातून भिंगरीचा काहीतरी मागण्याचा आवाज येत होता.

"हसले तर हसू देत," काकी म्हणाल्या. "काही नसलं, तर परत येताना मी तुमची दोघांची माफी मागेन. पाहिजे तर त्या सिस्टरची पण मागेन. पण आत्ता उठा."

सून आधीच उठली होती. तिनं चपला शोधल्या नाहीत, भिंगरीच्या बापाच्या मोठ्या सपाता पायात सरकवल्या. मुलगा किल्ली घ्यायला आत गेला तो जरा वेळानं आला. त्याचे हात अजून काळेच होते, तोंड मात्र धुतलेलं होतं.

गाडीत मागच्या सीटवर दोघी बसल्या. पहिल्या वळणापर्यंत काही झालं नाही. मग काकींनी आपणहून हात उचलून सुनेच्या पोटावर ठेवला. सुनेनं वर आपला हात ठेवला. केसाएवढी खरबर ओळखणारा तो अंगठा जागच्या जागी थांबून राहिला. त्याला काहीच लागलं नाही.

दवाखान्यात कुणी हसलं नाही. पोटाला पट्टा बांधला, यंत्रातून टापांसारखा आवाज यायला लागला, तसा मुलानं काळ्या हातानं काकींचा दंड धरला. "आहे! आई, आहे!" काकी यंत्रातून सरकणाऱ्या कागदाकडे बघत होत्या. त्यावरची रेघ मधेच खाली जायची, आणि वर यायला वेळ लावायची. टापा मंद व्हायच्या, पुन्हा पळायच्या.

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी कागद हातात घेऊन खालपासून वरपर्यंत बघितला. "ठोके आहेत. पण मधेमधे बाळ दमतंय. थांबण्यात अर्थ नाही. लगेच ऑपरेशन करून काढू या."

"आत्ता?" सुनेनं विचारलं. "माझी काहीच तयारी नाही. पिशवी पण भरलेली नाही."

"पिशवी मी भरते," काकी म्हणाल्या. "तू जा."

नंतरचा पाऊण तास मायलेक बाकावर बसून होते. मुलगा नखातलं ग्रीस काढत होता. नखांवरून नजर न उचलता तो म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"होतं."

"कधी काही बोलले नाहीत."

"कोण बोलणार?"

त्यानं मान हलवली. आणखी एक प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला काकींना दिसला, पण तेवढ्यात आतलं दार उघडलं.

मुलगा झाला होता. वजन कमी होतं, रडायला त्यानं जरा वेळ घेतला होता, तीन-चार दिवस काचेच्या पेटीत ठेवणार होते. पण रडला होता. ज्या सिस्टरनी ही बातमी आणली त्या काकींच्याच वयाच्या होत्या, निवृत्तीला आलेल्या. उचकीच्या वेळी हसलेल्या त्या याच. मुलगा कागदांवर सह्या करायला धावला, तशा त्या काकींजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, नाळेला गाठ होती. खरीखुरी गाठ, दोरीला मारतात तशी. आवळत चालली होती. उद्या आणली असती, तर बघायला नको होतं."

काकींनी विचारलं, "सिस्टर, पूर्वी ही यंत्रं नव्हती. तेव्हा असं काही असलं तर कळायचं का?"

"नळी लावून ऐकायचो की आम्ही. मी ऐकलंय तसं. ठोके अडखळताहेत एवढं कळायचं कधीकधी." सिस्टर सहज बोलत होत्या, हातमोजे काढता काढता. "गाठ असायची, नाहीतर आणखी काही. प्रत्येकाचं सांगता येत नाही. वाचायची काही, काही नाही. पण त्यासाठी आधी बाई आमच्यापर्यंत यायला हवी ना."

"हो," काकी म्हणाल्या. "खरंय."

सिस्टर गेल्या. काकी नळापाशी गेल्या, ओंजळभर पाणी प्यायल्या. मग दुसरी ओंजळ घेतली, ती मात्र प्यायल्या नाहीत, नुसती धरून उभ्या राहिल्या. पाणी बोटांतून निथळून गेलं. तेहेतीस वर्षं त्यांनी स्वतःला बजावलं होतं की त्या काळात कुणाच्याच हातात काही नव्हतं. आज नातू वाचला होता, आणि तेवढाही आधार गेला होता. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या होत्या आणि एकीसाठी दुसरी परत देता येत नव्हती. त्यांनी चेहरा धुतला, आणि पिशवी भरायला घरी गेल्या.

संध्याकाळी सून शुद्धीवर होती. ओठ सुकलेले, डोळे जड. काकी तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला हे नकोच आहे."

"माहितीये मला."

"मग सांगायचं ना."

"तुझ्याकडे बघितलं की मला माझंच पोट दिसायचं. ते तुला कसं सांगू?" काकींनी पाण्याचा चमचा तिच्या ओठांना लावला. "तू सगळं नीट केलंस आज. दूध प्यायलीस, कुशी बदलल्यास. तुला कळलं होतं."

"कळलं होतं हो. पण वाटलं, दुसऱ्या वेळी एवढं काय."

"पहिल्या वेळी आपल्याला काहीच कळत नसतं, म्हणून आपण विचारतो," काकी म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी सगळे धरून चालतात की आपल्याला कळतं. आपण पण." मग उगाच जास्त बोलल्यासारख्या त्या चादर सारखी करू लागल्या.

बाळ चौथ्या दिवशी काचेच्या पेटीतून बाहेर आलं. त्या दिवशी भिंगरी त्याला बघायला आली, टाचा उंच करून पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "याला परत कधी न्यायचं?" मुलगा तिला समजावत बाहेर घेऊन गेला. सून बाळाला पाजायला घेऊन बसली होती आणि पोटात कळ आली की डोळे मिटून घेत होती. दुसऱ्या वेळी या मागच्या कळा जास्त छळतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

काकी खाटेच्या पायथ्याशी बसून दुपट्यांच्या घड्या करत होत्या. शेजारच्या खाटेवर एक पहिलटकरीण होती, तिची आई बडबडी, वेळ जात नसलेली. सून कोण, मुलगा काय करतो, घर कुठे, सगळं विचारून झालं.

"तुम्हाला मुलं किती?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न काकींना लग्नसमारंभांत, बसमध्ये, रांगेत, आयुष्यभर विचारला गेला होता, आणि उत्तर देताना त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता.

"दोन," त्या म्हणाल्या.

सुनेनं डोळे उघडले.

"वा," बाई म्हणाल्या. "दुसरा काय करतो?"

"मुलगी होती ती. राहिली नाही." काकींनी दुपट्याची दोन टोकं जुळवली, कड सारखी केली, अंगठ्यानं दाबली. "केस फार होते तिला. काळेभोर. कानांवर आलेले."

काकींना बाईंकडून काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी ती घडी बाजूला ठेवली आणि पुढचं दुपटं उचललं.